कोटवालीचा घेर

आमच्या घरात कुठलीही गोष्ट सांगून किंवा वाचून झाली की बापू एकच विचारायचे, यातून बोध काय घेतला? पुस्तकातली गोष्ट असो, पेपरातली बातमी असो, नाहीतर शेजारच्या घरातलं भांडण असो. बापू मास्तर होते, आमच्या बंजारा तांड्यातले पहिलेच. लहानपणी ते तांड्यावरून दोन कोस चालत शाळेला जायचे आणि चालताना पाढे म्हणायचे. नुसतं चालणं ही गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती. नोकरी लागल्यावर त्यांनी कनेरगाव नाक्याला जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या आणि आम्ही तांडा सोडला. घरात गोरमाटी बोलायची नाही, मराठीच बोलायची, हा नियमही त्यांचाच. आईला मात्र आम्ही याडीच म्हणत राहिलो. तेवढं त्यांनी चालू दिलं.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. दहावीला ती गणितात दोनदा नापास झाली. बापू महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. मग एक दिवस त्यांनीच तिला हिंगोलीच्या एका शिवणक्लासला घातलं आणि वर्षभरानं पायमशीन आणून दिलं. तिथून ताई वेगळीच माणूस झाली. शाळेत मान खाली घालून बसणारी ती, आता एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या बायकांकडे बघून मला हळूच सांगायची, त्या हिरव्या लुगड्यावालीचा डावा खांदा उतरलेला आहे, तिचं ब्लाउज तिकडून अर्धा इंच कमी कापायला पाहिजे. मी त्या बाईकडे बघायची. खरंच खांदा उतरलेला असायचा.

नाक्यावर ढाबे बरेच. वाशीमकडून येणारे ट्रक थांबायचे, जेवायचे, पुढे जायचे. त्यातल्या एका ढाब्याच्या मालकीणबाईचे कपडे ताई शिवायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. ढाब्याच्या मागंच तिचं घर, घरात रंगीत टीव्ही आणि केबल. आमच्याकडेही टीव्ही होता, पण काळा-पांढरा, आणि केबल घ्यायला बापूंची सक्त मनाई. बातम्या दूरदर्शनवर दिसतात, आणखी काय पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

मी सातवीत होते. दिवाळीच्या आधीची गोष्ट. मावशीचं ब्लाउज फिटिंगला घेऊन ताई निघाली आणि पिशवी धरायला मी. संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील. मावशी भज्यांचं पीठ कालवून हात धुवून आली. मावशीच्या नातवानं टीव्ही लावून ठेवला होता आणि तो स्वतः बाहेर ट्रकवाल्यांत खेळायला पळाला होता. त्यामुळे टीव्ही कोणीच बघत नव्हतं. ताईनं तोंडात टाचण्या धरल्या होत्या आणि ती मावशीच्या बगलेखालची शिवण पकडत होती. टीव्हीवर जपानी कार्टून चाललं होतं, हिंदीत बोलणारं. पाण्यावरून धावणारी एक आगगाडी, तिच्या टपावर पांढऱ्या केसांची एक बाई, दोन्ही हातांत आखूड तलवारी आणि अंगात घोट्यापर्यंतचा निळा कोट. समोरून आठ-दहा दरोडेखोर आले. ती बाई जागच्या जागी गर्रकन फिरली. कोट चहूकडून उघडला, आतलं पिवळं अस्तर दिसलं, आणि कोट पुन्हा तिच्या पायाशी येऊन मिटला तेव्हा दरोडेखोर पाण्यात पडलेले होते.

ताईचा हात थांबला. मावशीनं विचारलं, काय झालं गं, सुई टोचली का? ताईनं टाचण्या तोंडातून काढल्या आणि मला म्हणाली, "पाह्यलंस?"

मी मान हलवली. मी तलवारी बघितल्या होत्या. तिनं कोट बघितला होता. हे मला नंतर कळलं.

त्या दिवसापासून मावशीच्या कपड्यांचं फिटिंग वाढलं. कार्टून सोमवार ते शुक्रवार असायचं. एका ब्लाउजला आम्ही तीनदा जायचो. एकदा गळा बघायला, एकदा बाही बघायला, एकदा हूक लावले ते दाखवायला. मावशीला सगळं कळत असणार, पण ती काही बोलली नाही. उलट आमच्यासाठी दोन भजी बाजूला काढून ठेवायची आणि ढाब्याच्या चुलीकडे निघून जायची. त्या कार्यक्रमाचं नाव इंग्रजी होतं, आम्हाला ते धड म्हणता येत नव्हतं. आम्ही त्या बाईला कोटवाली म्हणायचो आणि कार्यक्रमालाही तेच नाव पडलं.

गोष्ट फार नव्हती. कोटवाली आणि तिच्यासोबत एक जाडा आचारी, दोघं मिळून एक पेटी घेऊन चालले होते. कुठे चालले होते, पेटीत काय होतं, ते कोणी सांगत नव्हतं. रोज नवा दुश्मन यायचा. एक आरशातून यायचा, एक पतंगावर बसून यायचा, एकीच्या वेणीच्या टोकाला घण बांधलेला. आचारी उलथन्यानं लढायचा आणि लढता लढता भाकरीसारखं काहीतरी भाजायचा. एवढंच. पण ते सगळं असं दिसायचं की डोळा मिटू नये. छपरावरून उडी मारताना कोटवाली आधी एक पाय पुढं घ्यायची आणि क्षणभर हवेत थांबायची. बाकीचं जग हलायचं, ती थांबलेली. मग खाली यायची. ते थांबणं बघायला मी दिवसभर वाट बघायची.

ताईचं बघणं वेगळं होतं. ती लढाईत कोण जिंकलं ते विसरून जायची. परत येताना मला सांगायची की कोटाच्या पाठीला कमरेपासून खाली चीर आहे म्हणून तिला पाय फाकवता येतो, कॉलर उभी राहते म्हणजे आत कडक बक्रम घातलेलं आहे, आणि पिवळं अस्तर मुद्दाम दिलेलं आहे, कारण निळ्यातून पिवळं एकदम उठून दिसतं. "काढणारा माणूस शिवणारा असला पाहिजे," ती एकदा म्हणाली. "न्हाईतर त्याला कसं कळलं, दुमड कुठं येती ते?"

आमच्याकडे त्या दिवसांत रोज लाईट जायची. कधी साडेपाचला जायची, कधी पावणेसहाला. अर्धा भाग दिसायचा आणि टीव्ही काळा पडायचा. मावशीच्या घरापासून आमच्या घरापर्यंत दहा मिनिटांची वाट, रस्त्याच्या कडेकडेनं, बाजूनं ट्रक जायचे. त्या वाटेवर उरलेला भाग आम्ही जुळवायचो. मी सांगायची आता काय झालं असेल, ताई म्हणायची न्हाई, असं न्हाई झालं. एकदा कोटवाली एका बंद दारापाशी येऊन उभी राहिली, तिनं दारावर हात ठेवला आणि लाईट गेली. आम्ही घरी येईपर्यंत ठरवलं की त्या दारामागं तिची बहीण आहे, फार वर्षांपूर्वी हरवलेली. तिला शोधायलाच ती निघाली आहे आणि पेटीत त्या बहिणीचे कपडे आहेत. दुसऱ्या दिवशी भाग पुढं गेलेला होता. दाराचं काय झालं ते कळलं नाही. आम्ही आमचंच खरं धरलं.

बापूंना कळलं ते माझ्यामुळे. सातवीला मराठी तेच शिकवायचे. एकदा त्यांनी आवडत्या प्रसंगावर निबंध लिहायला सांगितला आणि मी भाबडेपणानं कोटवालीवर दोन पानं लिहिली. वर्गात त्यांनी ती वाचून बाजूला ठेवली. घरी आल्यावर वही घेऊन बसले, आम्हा दोघींना समोर बोलावलं. रागावले नाहीत. शांतपणे विचारलं की ही स्त्री कोणाशी लढते, आणि कशासाठी? त्यांनी ताईकडे बघितलं.

"माहीत न्हाई बापू," ताई म्हणाली. "पण लढती लई सुंदर."

बापूंनी वही मिटली. मग म्हणाले की सुंदर असून उपयोग काय, त्यातून माणसाला काही मिळालं पाहिजे. आपल्या मागच्या पिढ्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, आपल्याला पाटी मिळाली, ती अशा गोष्टींवर घासायची का? आवाज चढला नव्हता, म्हणून आम्हाला जास्त लागलं. उद्यापासून ब्लाउज द्यायला एकटी याडी जाईल, असं त्यांनी ठरवून टाकलं.

याडी हे सगळं चुलीपाशी बसून ऐकत होती. पहिले दोन दिवस ती नुसती जाऊन आली, तिसऱ्या दिवशी आल्यावर भाकरी थापता थापता ताईला म्हणाली, आज त्या बाईला झाडाला बांधलं होतं, पण ती सुटली. आम्ही तिच्याकडे बघतच राहिलो. मग ती रोज सांगायला लागली. तिला हिंदी अर्धंच कळायचं, दुश्मनांची नावं ती तांड्यातल्या माणसांची ठेवायची. आमच्या एका चुलत आजोबांना तिनं दोनदा पाण्यात पाडलं. आणि एक दिवस ती सहज म्हणाली, "त्या बाईचं ते आंगडं फेटियावानी फिरतंय."

फेटिया म्हणजे तांड्यातल्या बायकांचा घागरा. अंगात काचळी, खाली फेटिया, वर आरशांची ओढणी. नाक्याला आल्यावर याडीनं ते घालणं सोडलं होतं. मास्तरची बायको म्हणून शाळेतले लोक घरी येतील, हसतील, असं बापू म्हणाले होते आणि ती लुगड्यात आली होती. तेव्हा मी दोन वर्षांची. मी तिला फेटियात पाहिल्याचं मला आठवत नव्हतं.

ताईच्या डोक्यात मात्र तोवर कोट बसला होता. जानेवारीत शाळेचं गॅदरिंग, त्यात वेशभूषा स्पर्धा. तिनं मला कोटवाली करायचं ठरवलं. हिंगोलीच्या कटपीसच्या दुकानातून निळं पॉपलिन आणि अस्तराला पिवळं सॅटीन आणलं. पेपरावर आखून बघितलं, जुन्या चादरीचा एक कोट कापून बघितला. मला घालून फिरवलं. कोट फिरायचा, पण लटकल्यासारखा. पायात गुंडाळायचा. तिनं कळ्या वाढवल्या, अंब्रेला कट करून बघितला. तरी तो पडद्यासारखा उघडायचा नाही. तीन-चार दिवस ती चिडलेली होती. गणितात नापास झालेली पोरगी, ओट्यावर खडूनं आकडे मांडून बसायची.

एका शनिवारी बापू प्रशिक्षणाला हिंगोलीला गेले होते. दुपारी याडीनं पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून फेटिया काढला. लाल, काळपट लाल, खाली हातभर रुंद पट्टी, पट्टीवर आरसे, कवड्या, टाक्यावर टाका. तिनं तो जमिनीवर पसरला तर आमच्या खोलीची अर्धी फरशी झाकली गेली. ताई गुडघ्यावर बसली. तिनं टेपनं कंबर मोजली, खालचा घेर मोजला, चुण्या मोजल्या. मग पट्टी उचलली आणि तशीच हातात धरून राहिली.

"किती जड हाय हे," ती म्हणाली.

याडी म्हणाली की जड असणारच, तिच्या याडीनं दोन उन्हाळे बसून भरलं आहे ते. ताई म्हणाली तसं न्हाई, वजन खाली आहे म्हणून वरचं कापड त्याच्या मागं जातं. आणि मग तिनं याडीला विचारलं, घालून दाखवतीस का?

याडीनं दाराकडे बघितलं. मी उठून कडी लावली. तिनं लुगड्यावरच फेटिया चढवला, नाडी आवळली, पदर खोचला. थोडा वेळ नुसती उभी राहिली. तिला लाज वाटत होती हे मला कळत होतं, आणि आनंदही होत होता. मग ती फिरली. एकदाच. आरशांचे कवडसे भिंतीवरून, छपरावरून, आमच्या तोंडावरून पळाले. फेटिया तिच्याभोवती पुरा उघडला आणि ती थांबल्यावरही अर्धा फेर पुढं जाऊन मग खाली आला. ताईच्या हातात टेप होती, ती मोजायचं विसरली. ती रडत होती का हसत होती, मला सांगता येणार नाही.

याडीनं लगेच सोडला, घडी घातली आणि पेटी बंद केली.

दुसऱ्या दिवशी ताईनं मला पंक्चरच्या दुकानात पाठवलं. तिथून मी मूठभर जुने वायसर आणले, नटाखाली घालतात त्या लोखंडी चकत्या. ताईनं त्या घासून धुतल्या आणि कोटाच्या दुमडीत वीतवीत अंतरावर एकेक शिवून टाकली. बाहेरून काही दिसत नव्हतं. मला कोट घालून तिनं फिर म्हटलं. मी फिरले. पहिल्याच फेऱ्याला एक वायसर मशीनच्या पायाला लागून खण्णकन वाजला. कोट मात्र उघडला होता. अगदी तसा.

गॅदरिंगला शाळेच्या पटांगणात मांडव, फळ्या जोडून स्टेज. वेशभूषेत कोणी पुढारी होतं, कोणी वासुदेव, कोणी डॉक्टर. प्रत्येकानं स्टेजवर यायचं, आपण कोण ते सांगायचं आणि एक संदेश द्यायचा. झाडे लावा, शाळा शिका, असं काहीतरी. माइकवर बापूच होते. माझं नाव पुकारलं. मी घोट्यापर्यंतचा निळा कोट घालून वर गेले. डोक्याला पांढऱ्या लोकरीचे केस बांधलेले. बापूंनी मला तोवर त्या कोटात पाहिलंच नव्हतं. त्यांनी हातातली यादी खाली केली. मग इतरांना विचारलं तसंच विचारलं, तू कोण आहेस आणि काय संदेश देणार?

ताईनं सांगून ठेवलं होतं की काही बोलू नकोस, फक्त फिर. मी एक पाय पुढं घेतला, होईल तेवढी उंच उडी मारली आणि फिरले. सॅटीन उन्हात चमकलं. कोटाच्या कडेनं माइकचा दांडा वाजला आणि तो आवाज भोंग्यातून साऱ्या नाक्यावर गेला. कुंपणापाशी उभे असलेले ट्रकवाले शिट्ट्या मारायला लागले. पोरं ओरडायला लागली, परत, परत. मी परत फिरले. आयुष्यात त्यानंतर मी बऱ्याच स्टेजवर उभी राहिले, भाषणं केली, बक्षिसंही घेतली, पण तसं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

बक्षीस मिळालं नाही. संदेश नव्हता ना. झाडे लावा म्हणणाऱ्याला मिळालं.

घरी आल्यावर बापूंनी कोट मागितला. ताई घाबरली होती. त्यांनी तो खाटेवर पसरला, चष्मा लावला, कळ्यांवरून हात फिरवला. मग खालची दुमड हातात घेतली, वजन लागलं तसे थांबले. बोटांनी एकेक वायसर चाचपत ते कडेकडेनं गेले. शेवटी त्यांनी मान वर करून याडीकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती. बापू काहीतरी बोलले, ते गोरमाटीत बोलले. घरात मी त्यांच्या तोंडून गोरमाटी ऐकली ती बहुधा पहिल्यांदा. म्हणाले की घेर बराबर आला आहे, तुझ्या याडीच्या हातासारखा.

एवढंच. मग कोटाची घडी घालून त्यांनी ताईच्या हातात दिली आणि हातपाय धुवायला गेले. मावशीकडे जायची बंदी उठली असं कोणी म्हटलं नाही, पण सोमवारी ब्लाउज घेऊन आम्ही दोघी गेलो.

फार दिवस राहिलं नव्हतं. मार्चमध्ये माझी परीक्षा आणि ताईला बघायला पाहुणे, दोन्ही एकदम आलं. कोटवालीचा शेवट जवळ आला होता, निदान तसं वाटत होतं, कारण पेटीला कुलूप लावणारा म्हातारा सापडला होता. ज्या दिवशी शेवटचा भाग होता, त्या दिवशी पाचलाच लाईट गेली. आम्ही मावशीच्या उंबऱ्यात सात वाजेपर्यंत बसलो. दुसऱ्या दिवशी त्या वेळेला दुसरंच कार्टून सुरू झालं, गोल डोळ्यांचं, आम्हाला न आवडलेलं.

मे महिन्यात ताईचं लग्न झालं. लग्न तांड्यावर लागलं. याडी त्या दिवशी फेटिया-काचळी घालून मांडवात आली आणि बापू तिच्या शेजारी उभे राहून पाहुण्यांना हात जोडत होते. ताईला पैनगंगेच्या पुलापलीकडे दिलं होतं, वाशीमच्या बाजूला. दीड वर्षानं जावई सुरतला कामाला गेले, तीही गेली. तिथं ती कपड्याच्या कारखान्यात लागली. सुरुवातीला ती फोनवर खूप सांगायची, मग कमी सांगायला लागली. एकदा मी विचारलं, काय शिवतेस? ती म्हणाली, बाह्या. आख्खा दिवस डाव्या बाह्या. उजव्या दुसऱ्या लाईनला असतात.

त्या फोननंतर मी कितीतरी दिवस रस्त्यानं जाणाऱ्या माणसांच्या डाव्या बाह्या बघत होते.

मी पुढं औरंगाबादला कॉलेजला गेले. मराठी घेतलं होतं. होस्टेलमध्ये माझ्या खोलीत राहणारी मुलगी नागपूरची, तिच्याकडे कॉम्प्युटर होता आणि सीड्यांनी भरलेला एक डबा. तिला जपानी कार्टूनं फार आवडायची. ती त्यांना कार्टून म्हणू द्यायची नाही. एका रविवारी मी तिला कोटवालीचं वर्णन करून सांगितलं, पाण्यावरची गाडी, आचारी, पेटी. तिनं डब्यात बघितलं, मग कोणाकडून तरी मागवलं, आणि पंधरा दिवसांनी सगळेच्या सगळे एकशे चार भाग माझ्यासमोर होते. जपानी बोलणारे, खाली इंग्रजी अक्षरं.

मी आठवडाभर वर्गात गेले नाही. त्या बंद दाराचा भाग आला तेव्हा मी खुर्ची पुढं ओढली. कोटवालीनं दारावर हात ठेवला, दार उघडलं. आत खानावळ होती. ती आत गेली आणि तिनं शेवयांचे चार वाडगे खाल्ले. आचाऱ्याला राग आला, कारण त्याचं जेवण सोडून ती बाहेर जेवली होती. बस. बहीण नव्हती. कुठल्याच भागात नव्हती. पेटीही शेवटपर्यंत उघडली नाही. शेवटच्या भागात कुलूपवाला म्हातारा किल्ली पाण्यात फेकून देतो, तिघं हसतात आणि गाडी पुढं जाते.

मैत्रीण माझ्या मागं उभी राहून बघत होती. म्हणाली की दिसायला भारी आहे, पण यात खोली काही नाही, नेटवर लोकांनी पण असंच लिहिलंय, नुसती मजा. मी म्हटलं, हो, नुसती मजाच आहे. वाद घालण्यासारखं काही नव्हतं. जी खोली मला आठवत होती ती लाईट गेल्यावरची होती, ट्रकच्या उजेडात चालताना आम्ही दोघींनी घातलेली. पण मजेलाही कसबी हात लागतो, हे मला तेव्हा दिसलं. मी एक लढाई थांबवून थांबवून बघितली. कोट फिरताना दर चित्रात कडेची दुमड वेगळी काढली होती, कुठंही आळस नव्हता. कोणीतरी, कुठंतरी दूर, कशाचाही संदेश द्यायचा नसताना, एका कोटाच्या घेरासाठी रात्रंदिवस बसलं होतं. बापूंनी विचारलं होतं, सुंदर असून उपयोग काय? मला फक्त ते ताईला दाखवायचं होतं.

सुट्टीत सगळे भाग सीडीवर उतरवून मी दोन गाड्या बदलून सुरतला गेले. ताईची एक खोली, पत्र्याचं छप्पर, दोन लेकरं, कोपऱ्यात टीव्ही आणि सीडीचं मशीन. ताई बारीक झाली होती. बोटांना बारीक धाग्यांच्या चिरा पडल्या होत्या. दुपारी दोनला तिची कारखान्यातली पाळी होती, त्याआधी तिनं स्वयंपाक उरकला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मी पहिला भाग लावला. तिला भाषा कळत नव्हती, मीही सांगितली नाही.

पाण्यावरची गाडी आली, दरोडेखोर आले. कोटवाली फिरली. ताई पुढं सरकली. म्हणाली, "थांबव." मी थांबवलं. ती पडद्याजवळ जाऊन बघून आली आणि म्हणाली की कॉलर दर वेळेला वेगळी काढली आहे, कधी दोन बोटं, कधी चार. इतक्या वर्षांत तिच्या नजरेला काही झालं नव्हतं. मग ती हसली आणि लेकरांना सांगायला लागली की तुमच्या याडीनं असा कोट शिवला होता, गावच्या गॅदरिंगला, आणि तो घालून ती स्टेजवर फिरली तेव्हा ट्रकवाल्यांनी गाड्या थांबवल्या होत्या.

मी तिच्याकडे बघितलं. ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच आठवत होतं. माझ्याकडे वळून म्हणाली, "तू व्हतीस ना तिथं? सांग की यांना, कसं फिरले मी ते."

मी सांगितलं. व्हय, मी खालीच बसले होते, पहिल्या रांगेत. तुमची याडी इतकी उंच उडाली की मांडवाला डोकं लागलं असतं. लेकरं टाळ्या वाजवायला लागली. कोट माझ्या मापाचा होता, तिच्या अंगात तो खांद्यापासूनच गेला नसता, हे तिच्याही लक्षात आलं नाही आणि मला सांगावंसं वाटलं नाही.

पावणेदोनला ती डबा घेऊन निघाली. जाताना दारात थांबून म्हणाली, पुढचे भाग मी आल्याशिवाय लावू नका. आम्ही लावले नाहीत. मुक्कामात आम्ही दोघींनी मिळून तिसऱ्यापर्यंत बघितलं, मग मला परत जावं लागलं. सीड्या तिथंच ठेवल्या.

महिन्याभरानं तिचा फोन आला. दर रविवारी एक भाग बघते म्हणाली, लेकरांना झोपवून, दुपारी. सातव्यापर्यंत आले आहे. मी विचारलं, सगळे एकदम काहून बघत न्हाईस? ती म्हणाली, संपेल की मग. तिच्या मागं कुठंतरी मशीन चालू होतं.

"आन् तू बघितलं असशील सगळं," ती म्हणाली. "शेवट सांगू नको मला."

मी नाही सांगितला. त्यानंतर तिनं घर बदललं, लेकरं मोठी झाली, दिवाळीला आम्ही भेटतो तेव्हा बोलायला दुसरं पुष्कळ असतं. तिचा शेवटचा भाग बघून झाला का नाही, मी अजून विचारलेलं नाही.